लाल चिठ्ठी लागलेली गाडी

लातूरला लोक शिकायला जातात, दवाखान्यात जातात, तूर विकायला जातात. मी भांडायला गेले होते. परत आल्यापासून मुखेडात जो भेटेल तो विचारतोय, "काय गं, जिंकून आलीस का?" प्रत्येकाला एसटी स्टँडवर उभ्या-उभ्या सांगून मी दमले. म्हणून एकदाच लिहून टाकते. ज्यांनी नवी गाडी बुक करून ठेवली आहे आणि रोज शोरूमला फोन लावून राहिलेत, त्यांनी तर नक्की वाचा.

आधी भांडण कोणाचं ते सांगते. रुक्मिणकाकू माझ्या आत्याच्या गावची. गाव नायगाव तालुक्यातलं, मुख्य रस्त्यापासून तीन किलोमीटर आत. काकू पंचेचाळिशीची, बारा वर्षं घरचा ट्रॅक्टर हाणलेली. तिने यंदा प्रवासी वाहनाचं लायसन काढलं आणि उन्हाळ्यात आठ सीटची नवी गाडी बुक केली. कशासाठी? गावातल्या पाच पोरी नायगावला अकरावीत आहेत. दिवाळीपर्यंत त्या एका काळीपिवळी जीपमधून जायच्या. दिवाळीनंतर ती जीप ऊसतोडीच्या लोकांना घेऊन जाते, हे दरवर्षीचं. पाची बापांनी मारुतीच्या पारावर बसून ठरवलं: रुक्मिणबाईची गाडी आली तर पोरी कॉलेजात, नाही आली तर घरी. घरी म्हणजे काय, ते गावाकडच्या कोणालाही विचारा. त्यातल्या एकीला तर बघायला पाहुणे येऊनही गेले होते.

गाडी दसऱ्याला देतो म्हणाले. दसरा गेला. धनत्रयोदशीला नक्की म्हणाले. तीही गेली. भाऊबीज झाली, कॉलेज सोमवारी उघडणार, आणि काकूच्या अंगणात गाडीच्या जागी अजून शेळीच बांधलेली. मी आमच्या ग्राहक संघटनेची पत्रकं लिहिते. हे ऐकल्यावर मी एका बैठकीत पत्रक लिहून काढलं: 'दसऱ्याची गाडी गेली कुठे?' काकूने ते हातात धरून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "वर्षे, लिवलंय झकास. पर ह्या काठ्या लई उभ्या केल्यास बग." उद्गारचिन्हांबद्दल बोलत होती.

नांदेड, गुरुवार

काकूला घेऊन शोरूमवर गेले, तर काच इतकी स्वच्छ की मी सरळ तिच्यावर जाऊन आदळले. भांडायला आलेल्या माणसाच्या कपाळावर टेंगूळ चांगलं दिसत नाही. आतला मुलगा पळत आला, टाय बांधलेला, हातात पाण्याचा ग्लास. "मॅडम, लागलं का? पेढा घ्या." त्यांच्याकडे पेढ्याचं ताट कायम भरलेलं असतं. कोणाची तरी डिलिव्हरी चालूच होती. गाडीवर झिरमिळ्यांचं लाल कापड, पुढे अख्खं कुटुंब फोटोला उभं, आजोबांच्या हातात पुठ्ठ्याची हातभर लांब किल्ली. कापड ओढलं की सगळा स्टाफ टाळ्या वाजवतो. आमच्याकडे बैल आणला तर दारात बाई भाकरतुकडा ओवाळून टाकते आणि बैल आत जातो. इथे टाळ्या पगारी होत्या.

आमच्या गाडीचं विचारलं तर टायवाल्याने दहा मिनिटांत चार कारणं दिली. वरूनच गाडी निघाली नाही. निघाली, पण ट्रेलर मिळेना. ट्रेलर मिळाला, पण रंग दुसरा आला. आणि शेवटी, "मावशी, सध्या सगळीकडंच वेटिंग हाय ना." चार कारणं म्हणजे एकही कारण नाही, हे मला पत्रकं लिहून कळलेलं आहे. मी आवाज चढवला. पत्रकांचा गठ्ठा काढून फोटोवाल्या कुटुंबालाच वाटायला लागले. आजोबांनी एक घेतलं आणि पुठ्ठ्याची किल्ली बगलेत मारून त्याने वारा घेऊ लागले.

मागे वळून बघते तर काकू नाही. शोधलं. ती शोरूमच्या मागच्या बाजूला, गाड्या धुतात तिथे, उपड्या बादलीवर बसून चहा पीत होती. शेजारी गाड्या पोचवणारा एक ड्रायव्हर. दोघं क्लचवर बोलून राहिले होते.

"ये गं," काकू म्हणाली. "ह्यो भाऊ म्हणतो, आपली गाडी हाय."

"कुठे?"

"लातूरच्या यार्डात," ड्रायव्हर म्हणाला. "चांगले सातआठ दिवस झाले की. पांढरी, आठ शिटांची. तिथं तसल्या नऊ उभ्या हायत. समद्याच्या काचेवर लाल चिठ्ठी. हात लावू देत न्हाईत."

गाडी दडवून ठेवली! आणि आम्हाला ट्रेलरच्या गोष्टी! मी परत आत जायला निघाले तर काकूने हात धरला. "आत जाऊन काय करतीस? गाडी आत न्हाई. लातूरला हाय. लातूरला जाऊ."

लातूर, शुक्रवार

नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूर. खिडकीतून दोन्हीकडे तुरीला पिवळा फुलोरा, सोयाबीन काढलेल्या रानात हरभरा नुकताच वर आलेला. काकू रान कमी आणि समोरून येणाऱ्या गाड्या जास्त बघत होती. "ह्यानं इंडिकेटर दिला न्हाई. ह्यो बराबर चालवतो. ह्याचं मागलं चाक डुलतंय." एसटीच्या ड्रायव्हरने दोनदा आरशातून तिच्याकडे पाहिलं.

अहमदपूरला गाडी थांबली तेव्हा मी भज्यांच्या गाड्यावर पाच-पंचवीस पत्रकं ठेवली आणि म्हटलं, गिऱ्हाईकांना द्या. माणूस भला. त्याने एकही वाया घालवलं नाही. आमचीच भजी त्याने आमच्याच पत्रकात बांधून दिली. मी संतापले, मग भूक लागली होती म्हणून खाल्ली. मिरचीची होती. 'ग्राहकहो, जागे व्हा' या ओळीवर तेलाचा डाग पसरत गेला.

यार्ड लातूरच्या बाहेर, तारेचं कुंपण घातलेलं मोठं मैदान. ड्रायव्हरने सांगितलं ते खरं निघालं. कोपऱ्यात नऊ पांढऱ्या गाड्या, आणि प्रत्येकीच्या काचेवर वहीच्या पानाएवढी लाल चिठ्ठी. काकू रांगेतून चालत गेली, चिठ्ठ्यांवरचे नंबर आपल्या बुकिंगच्या कागदाशी ताडत. सहाव्या गाडीपाशी थांबली. पदराने आरशावरची धूळ पुसली, बास.

यार्डाचा इन्चार्ज पंढरीच्या बडव्यासारखा वाट अडवून उभा. "इथं कस्टमरला परवानगी नाही." मी त्याला पत्रक दिलं, मोबाइल काढला आणि नऊच्या नऊ चिठ्ठ्यांचे फोटो घ्यायला लागले. तो घाबरला. नांदेडला फोन गेला, नांदेडहून आणखी कुठे गेला. अर्ध्या तासाने तो हसत आला. माणूस असा हसला की मी सावध होते, पण त्या दिवशी नाही झाले.

"काम झालं तुमचं मावशी. उद्याच घेऊन जा गाडी. फक्त एक सही. मागच्या सीटची एक बारीकशी बिजागरी बदलायचीय, ती पहिल्या सर्व्हिसिंगला बदलून देऊ. तेवढं तुम्हाला मान्य आहे, असं लिहिलंय."

सोमवारच्या आधी गाडी! मी तिथेच मनात दुसरं पत्रक लिहायला घेतलं होतं. 'अखेर ग्राहकाचा विजय'. काठ्यांसह.

काकूने पेन घेतलं आणि खाली ठेवलं. "मागच्या शिटाची म्हंजी कोनती?"

"तिसरी रांग. शेवटची."

"त्या बिजागरीला झालंय काय?"

"मावशी, ते टेक्निकल असतं."

"म्या ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स उघडलाय. सांगा की."

त्याला खरंच माहीत नव्हतं. त्याला फक्त चिठ्ठी माहीत होती. पण एक गोष्ट त्याच्या तोंडून निसटली: बिजागरीच्या पट्ट्या इथेच, लातूरच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये बनतात. काकूने कागद घडी करून कमरेच्या पिशवीत टाकला. "उंद्या तिथं जाऊन येतो, मंग सही."

मी रस्त्यात तिच्याशी भांडले. हो, भांडले. "काकू, हातात आलेली गाडी! एका पट्टीसाठी?" ती म्हणाली, "पोरी कुठं बसत्यात? म्होरं एक, मधल्या रांगेत तिघी. मागं कोन बसंल?" मला पटलं नव्हतं. प्रामाणिकपणे सांगते, मला तेव्हा पोरींपेक्षा विजय दिसत होता.

लातूर, शनिवार

काकूच्या मावसबहिणीकडे मुक्काम केला. सकाळी तिचा नवरा कोपऱ्यावरून निलंगा राईस घेऊन आला, पिवळाधमक, वर शेंगदाणे. आमच्या मुखेडात सकाळी भात खाल्ला तर आजारी आहेस का विचारतात. लातूरकर तो उभ्या-उभ्या खाऊन ड्यूटीवर जातात. मी दोनदा घेतला.

वर्कशॉप म्हणजे पत्र्याचं लांब शेड. मला वाटलं होतं काळोख, तेल, शिव्या. तर जमिनीवर पिवळे पट्टे मारलेले, झाडू खिळ्याला टांगलेला आणि झाडूच्या मागे भिंतीवर झाडूचंच चित्र, म्हणजे झाडू जागेवर नसला तर लगेच दिसावा. दोन डबे: एक हिरवा, एक लाल. लाल डब्याला कुलूप. मी विचारलं, खराब मालाला कुलूप कशाला, चोरून कोण नेणार? तेव्हा मागून आवाज आला, "खराब मालच चोरीला जातो बेटा. महिन्याच्या शेवटी माल कमी पडला, की लाल डब्यातला हिरव्यात जातो."

हे रहीमचाचा. सत्तरीचे. तीस वर्षं पुण्याकडच्या कारखान्यात फोरमन होते, आता गावी येऊन या वर्कशॉपातल्या पोरापोरींना शिकवतात. मी आल्या-आल्या सुनावलं की तुमच्या खराब पट्टीमुळे पाच पोरींचं शिक्षण अडकलंय आणि मी हे छापणार आहे. चाचांनी ऐकून घेतलं, स्टूल पुढे सरकवलं. "छापा. पर समजून छापा. बसा."

मग त्यांनी जे सांगितलं, त्यासाठी मी हा सगळा खटाटोप लिहून राहिले आहे.

"माझ्या जवानीत क्वालिटी म्हंजे एक सायेब होता," चाचा म्हणाले. "आमी बनवायचो, तो शेवटी बघायचा. त्याची नजर चुकली की आमी जिंकलो! खरंच, आमी त्याला चहाला न्यायचो आन तवाच माल फुडं सरकवायचो. मजा वाटायची. कोन बसणार त्या गाडीत, कुनाला मालूम? मग जमाना बदलला. सायेब ग्येला. आता जो बनवतो त्यानंच मोजायचं, आन खराब दिसलं की त्यानंच मशीन बंद करायची. मालकाला न विचारता. तुमाला मालूम हाय का, माज्यासारक्याला मशीन बंद करायला किती भ्या वाटायचं? तीस वर्षं फक्त 'चालू ठेव' ऐकलेलं."

"मग आता कोण बंद करतं?" मी विचारलं.

"ही." चाचांनी मशीनपाशी उभ्या असलेल्या मुलीकडे बोट केलं. दीपाली. चोवीस-पंचवीसची, आयटीआय केलेली, औशाहून रोज येणारी. ती तोंड वर न करता म्हणाली, "चाचा, ते नका सांगू."

"सांगणार. पाव्हण्या छापणार हायत."

पट्टीला एक गोल भोक असतं, त्यात बिजागरीची खीळ बसते. भोक मोजायला हातभरही लांब नाही अशी पोलादी कांडी असते, तिला गेज म्हणतात. तिचं एक टोक बारीक, ते भोकात गेलंच पाहिजे. दुसरं टोक केसभर जाड, ते जाता कामा नये. गेलं, तर भोक मोठं झालंय, पट्टी लाल डब्यात. ते जाड टोक ओळखू यावं म्हणून त्याला लाल रंग दिलेला असतो. इतकं साधं. मी पाच मिनिटांत शिकले.

आता ऐका काय झालं. खंडेनवमीला वर्कशॉपात हत्यारांची पूजा. आपल्याकडे विळ्या-कुदळीची करतो, तशीच. पाटावर हातोडी, पान्हे, आणि मानाने मध्यभागी गेज. हळद, कुंकू, झेंडूची फुलं. गेजला तेलाचा हात होताच, कुंकू त्यात कालवलं गेलं आणि वाळून बसलं. कुठे बसलं? जाड टोकावर. लाल रंगावर लाल कुंकू. दिसणार कसं? दसऱ्यानंतर काम सुरू झालं. टोक आधीच जाड, त्यावर कुंकवाचा पापुद्रा. भोक मोठं झालं तरी ते आत जाईना. सगळ्या पट्ट्या पास.

"तुला कसं कळलं?" काकूने दीपालीला विचारलं.

दीपालीने आता मान वर केली. "रोज दोन-चार पट्ट्या तरी लाल डब्यात जातात काकू. दसऱ्यानंतर तीन दिवस एक पण न्हाई गेली. सगळे खूश होते. शेटनी पेढे आणायचं ठरवलं. मला रात्री जेवण जाईना. माझं काम एवढं चांगलं न्हाई, मला माहितीय." चाचा मोठ्याने हसले, ती नाही हसली. "चौथ्या दिवशी गेज रॉकेलनं धुतला. फडकं लाल झालं. मंग पास केलेली पट्टी घेतली आन टोक घातलं. भसकन आत गेलं."

"मग?"

"मशीन बंद केली. मंग शेटना जाऊन सांगितलं."

तीन दिवसांच्या पट्ट्या तोवर सीट बनवणाऱ्या कंपनीकडे गेल्या होत्या आणि तिथून गाड्यांत. दुपारच्या आत या वर्कशॉपने स्वतः कळवलं: आमचा माल चुकलाय, थांबवा. म्हणून त्या नऊ गाड्यांवर लाल चिठ्ठ्या. नव्या पट्ट्या तयार होत्या, पण बसवणारी दोन माणसांची टोळी गावोगावच्या यार्डांत क्रमाने फिरत होती. लातूरचा नंबर दहा-बारा दिवसांनी.

"मग दिवाळीत पूजेचं काय केलंत?" मी विचारलं.

"एक मोडकी हातोडी ठेवलीय खास," चाचा म्हणाले. "मान तिचा. देवानं अजून तक्रार केली न्हाई."

काकूने लाल डब्यातली एक पट्टी मागितली. दीपालीने कुलूप काढून दिली, नोंद करून. काकूने खीळ भोकात घातली, हलवली. कडकड आवाज आला, बारीकसा, नारळातल्या खोबऱ्याच्या गोट्यासारखा. "अर्जंट ब्रेक मारला तर?" तिने विचारलं. चाचांनी दोन्ही तळवे जोडले आणि पुढे आडवे पाडले, सीटची पाठ पडते तसे.

काकूने पिशवीतून सहीचा कागद काढून माझ्या हातात दिला. "ह्यो घे. तुज्या कामाचा हाय. माज्या न्हाई."

मी एक आगाऊपणा केला. चाचांना म्हटलं, त्या टोळीला सांगून काकूची गाडी आधी करता येईल का? चाचा काही बोलायच्या आत काकूच म्हणाली, "बाकीच्या आठ गाड्यांत कोन बसनार हाय, तुला मालूम हाय का?" मला नव्हतं मालूम. शोरूमवर हाच आरोप मी पत्रकात केला होता, की ओळखीवाल्यांना नंबर तोडून गाड्या देतात.

बसमध्ये मी सबंध वाटभर जुनं पत्रक खोडत होते. संताप गेला नव्हता, मी तो जपून आहे. पण पत्ता बदलला. विचार करा: पंचवीस वर्षांची मुलगी, नोकरी जायची भीती असताना, चूक कळल्याबरोबर मशीन बंद करते आणि त्याच दिवशी कळवते. आणि काचेच्या शोरूममध्ये बसलेली माणसं तीच गोष्ट आठ दिवस दडवतात, ट्रेलर आणि रंगाच्या थापा मारतात आणि वर कागदावर सही मागतात. कारखान्यातला माल तपासायच्या पद्धती चाचांच्या एका जन्मात इतक्या बदलल्या, पण गिऱ्हाइकाशी बोलायची पद्धत तिथेच आहे, साहेबाला चहाला नेऊन माल पुढे सरकवायची. उशीर झाल्याचा राग मला नाही. उशिराचं कारण विचारणाऱ्या बाईला पेढा देतात, त्याचा आहे. त्या कागदाची प्रत लावून मी संघटनेतर्फे लेखी तक्रार केली आहे. दीपालीचं नाव बदलून लिहिलंय, वर्कशॉपचं टाकलेलंच नाही. अशा माणसांवर पत्रक निघायला लागलं, तर पुढची मुलगी मशीन बंद करणार नाही.

गाव, रविवार आणि पुढे

रविवारी संध्याकाळी काकू ती पट्टी आणि खीळ घेऊन पाचही घरी गेली. मी सोबत होते, पण मला तिने बोलू दिलं नाही. प्रत्येक बापाच्या हातात पट्टी दिली आणि म्हणाली, "हालवून बगा." मग सगळं सांगितलं. गाडी बारा दिवसांनी येणार, तोवर ती सकाळी पोरींना घेऊन फाट्यापर्यंत चालत जाईल, सातच्या एसटीने नायगाव, दिवसभर कॉलेजच्या व्हरांड्यात बसेल, संध्याकाळी परत आणेल. चौघांनी मान डोलवली. एकाने तर पट्टी ठेवून घेऊ का विचारलं, त्याला त्याच्या मळणी यंत्राची शंका आली होती.

पाचव्याने, अनिताच्या वडिलांनी, नाही म्हटलं. याच अनिताला बघायला पाहुणे आले होते. "दसऱ्याला म्हन्ले, दिवाळीला म्हन्ले, आता बारा दिस. रुक्मिणबाई, तुमची गाडी कवाच येणार न्हाई. आन आली तरी असली खिळखिळी." अनिता दारात उभी होती. काकूने वाद घातला नाही. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "त्यो चुकीचं काय बोलला? त्याला दोन डाव फसवलंय."

बारा दिवस चौघीच गेल्या. काकू कॉलेजच्या व्हरांड्यात शेंगा सोलत बसायची. प्राध्यापकांनी तिला पहिल्या दिवशी हटकलं, तिसऱ्या दिवसापासून चहा पाठवला.

गाडी आली ती शुक्रवारी, कुठलाही मुहूर्त नसताना. काचेवर चिठ्ठीच्या गोंदाचा चौकोन तेवढा उरला होता. काकूने लिंबू-नारळ नंतर केलं, आधी मागच्या सीटवर बसून पाठ दोन्ही हातांनी गदागदा हलवली. आवाज नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चौघी पोरी गाडीत बसल्या. काकूने गाडी सरळ अनिताच्या दारात नेली. वडील गोठ्यात होते. मला वाटलं आता समजावेल, हात जोडेल.

"दादा," ती म्हणाली, "मागं एक शीट रिकामी हाय. आज तुमी बसा."

त्यांनी मग हात धुतले, टोपी घातली आणि आत शिरले. उंच माणूस, गुडघे हनुवटीला लागलेले. पोरी तोंड दाबून हसत होत्या. फाट्याच्या अलीकडे, मोकळ्या रस्त्यावर, काकूने ओरडून सांगितलं, "धरून बसा!" आणि कचकन ब्रेक मारला. सगळ्यांची डोकी पुढे गेली. सीटची पाठ जागची हलली नाही. तरी काकूने आणखी दोनदा मारला. तिसऱ्यांदा मागून आवाज आला, "बास झालं की बाई, कॉलेज बुडंल पोरींचं!"

संध्याकाळी ते गाडीतून उतरले ते कंबर धरूनच. मी विचारलं, कसं वाटलं? "शीट लई आखूड हाय," ते म्हणाले. "पर आमची अनी बुटकी हाय, तिला बराबर व्हईल."